वाढलेलं मनगट

शेवंतामावशी कासारीण बायकांना तोंडावरून ओळखत नसे, मनगटावरून ओळखत असे. रस्त्यात कुणी समोरून आली तर आधी तिच्या चेहऱ्याकडे परक्यासारखी बघे. मग नजर खाली हातावर जाई आणि लगेच ओळख पटे. "अगं, तू व्हय! सव्वादोन! माहेराला गेल्ती न्हवं बाळंतपणाला?"

आमच्या पिंपरी पेंढारात प्रत्येक सुनेला दोन नावं असायची. एक माहेरून आणलेलं, एक सासरी ठेवलेलं. तिसरं मावशीनं दिलेलं माप. मी अडीच. बांगडीचं ते जवळजवळ शेवटचं माप. पहिल्यांदा माझा हात हातात घेतला तेव्हा मी नवी नवरी होते. मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "हा हात हाय का गोठ्यातला खुंटा?" सगळ्या हसल्या. मी खाली बघितलं. मी तेव्हाही बोलत नव्हते, आताही फारशी बोलत नाही. म्हणून हे वहीत लिहिते आहे.

मावशीचं घर आमच्या घरापासून दोन दारं सोडून. पुढच्या खोलीत दुकान. दुकानात तिचा नवरा बसे, त्यांना सगळा गाव कासारदाजी म्हणे. दाजी बिडी ओढत, गिऱ्हाईक आलं की आत हाक मारत, आणि मावशी बाहेर येईपर्यंत गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचं बोलत. एवढंच त्यांचं काम. बाकी सगळं मावशी. पिंपळवंडीपासून आण्याच्या पठारापर्यंत लग्न कुठंही असो, नवरीचा हिरवा चुडा भरायला मावशीच लागे. पत्र्याची पेटी डाव्या खांद्याला अडकवून ती एसटीनं जायची, आणि संध्याकाळी पेटी हलकी करून परत यायची.

तिची बांगडी भरायची रीत अशी. आधी हात हातात घेऊन नुसताच दाबत बसायची. अंगठ्याच्या मुळाशी दाबून तळवा दुमडायची आणि मधेच काहीतरी विचारायची. "तुझ्या नणंदेचं जमलं का गं?" बाई उत्तर द्यायला लागली की हात सैल पडे, आणि त्याच क्षणी मावशीचं मनगट एक गिरकी घेई. बांगडी आत. "बांगडी चढताना हाताचा इचार करायचा नसतो," असं ती म्हणायची. माझ्या बाबतीत ही रीत चालत नसे. ती विचारी, मी गप्प, हात ताठ. "तू बोलली न्हाईस की तुझा हात बी बोलत न्हाई," असं म्हणून ती साबण मागायची.

मावशीची एक बढाई होती. आजवर एकाही नवरीच्या हातावर तिच्याकडून बांगडी वाढली नव्हती.

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. फुटली म्हणणं अशुभ. हे सगळ्याच बायका पाळतात, पण मावशीनं ते बांगडीपुरतं ठेवलं नव्हतं. फुटणं आणि मोडणं हे दोन शब्द तिच्या तोंडात नव्हतेच. तिच्या घरात कप वाढायचा, पाटा वाढायचा, एसटीची काच वाढायची, दाजींचा चष्मा वाढायचा. एकदा वरच्या आळीतल्या एका पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. मावशीनं ती बातमी आमच्या ओट्यावर आणली. "त्यांची सोयरीक वाढली गं." आमच्या सासूबाईंना वाटलं, दुसऱ्या पोरीचंही त्याच घरात जमलं. त्या साखर घेऊन अभिनंदनाला गेल्या. त्या घरानं आमच्याशी पुढं बराच काळ बोलणं टाकलं. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. "मी वाढली म्हन्ले. ऐकणारीला कान न्हाईत त्याला मी काय करू?"

दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. त्या सुमारास बाजारात प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या. रंगीत, हलक्या, आणि न वाढणाऱ्या. पोरींना आवडायच्या, रानात काम करणाऱ्या बायकांना तर फारच. मावशी त्यांना बादलीची बहीण म्हणायची. कुणाच्या हातात दिसली की दाजींची पेटती बिडी मागून घ्यायची आणि ती बांगडी बिडीला लावून वितळवून दाखवायची. "ह्ये बघ. ही हिची लायकी. आन आवाज? आवाज तर न्हाईच. आवाज नसलेली बांगडी म्हंजी मुकी सून." मग माझ्याकडे वळून म्हणायची, "तुला न्हाई म्हणत गं, अडीच."

तर अशी मावशी फाट्यावर एसटीतून उतरताना पडली. मी गवताचा भारा उतरवून तिथंच टेकले होते, त्यामुळे मला दिसलं. पायरीवरून पाय सटकला तेव्हा तिनं डाव्या हातातली पेटी वर धरली आणि सगळं अंग उजव्या हातावर घेतलं. कट्कन आवाज आला. मी धावले. ती म्हणाली, "आधी पेटी बघ."

मी पेटी उघडली. एकही बांगडी वाढली नव्हती.

मग तिनं उजवा हात बघितला. मनगटाला भलत्याच जागी उंचवटा आला होता. "टपरीवरनं साबन आन, पानी आन," ती म्हणाली. मला वाटलं, धुवायचंय. तर हात माझ्या मांडीवर ठेवून ती त्या मोडक्या हातातून आपल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढायला लागली. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. ओठ दाताखाली. टपरीवाला म्हणाला, "अवो मावशी, काय करताय? दवाखान्यात काढतील की."

"काढत न्हाईत, कापत्यात. नवरा जित्ता असताना कापून घिऊ व्हय? सूज यायच्या आत हुतंय ते हुतंय."

सगळ्या बांगड्या अखंड निघाल्या. तिनं त्या मोजूनच पदरात बांधल्या आणि मगच डोळे मिटले.

दाजींना दुकान सोडवेना, आणि खरं सांगायचं तर रक्त बघितलं की त्यांनाच धरावं लागे. मावशी म्हणाली, "हिला घेते संगं. ही बोलत न्हाई, म्हंजी माझं मला बोलता यील." जीपमध्ये बसून आम्ही मंचरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं पुण्याहून हाडाचे डॉक्टर ठरल्या वारी यायचे, आणि नशिबानं तो त्यांचाच वार होता. तरुण होते, गोरे, बोलायला गोड. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय होतंय मावशी?"

"मनगट वाढलंय."

"कधीपासून?"

"आज सकाळपासनं. यष्टीतनं उतरताना."

डॉक्टरांनी मान वर केली. "एका दिवसात वाढलं? आधी काही गाठ वगैरे होती का?"

"गाठ कशाला असंल? चांगलं सरळ व्हतं. पडले आन वाढलं. कट्कन आवाज आला."

"वाढल्याचा आवाज आला?"

मला सगळं कळत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी तिथली सिस्टर, नारायणगावकडची असावी, हसू दाबून म्हणाली, "सर, फ्रॅक्चर आहे. त्या बांगडीच्या भाषेत बोलतायत." मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की फ्रॅक्चर हा शब्दही अशुभच.

फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही बांगड्या वाचवल्या आणि हाडाचे तुकडे आणखी सरकवले. नुसत्या प्लास्टरनं आता भागणार नाही. ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागेल."

मावशीनं एकच विचारलं. "बांगड्या भरता येतील ना?"

"हात तर बरा होईल."

"हात बरा व्हईल ते मला बी ठावं हाय. बांगड्या भरता येतील का?"

डॉक्टरांनी फोटो परत दिव्याला धरला. म्हणाले, बघू. मग त्यांनी पट्टीचं समजावून सांगितलं. लोखंडी पट्टी टाकली तर कधी कधी पुढं ती काढायला परत ऑपरेशन करावं लागतं. आता परदेशातून एक नवी आली आहे, पॉलिमरची. हाड जुळेपर्यंत धरून ठेवते आणि मग वर्षा-दोन वर्षांत शरीरातच विरघळून जाते. "पण नवीन आहे हं. कुणाकुणाला पुढं सूज येते, पाणी येतं. सगळ्यांना सारखी मानवेलच असं सांगता येत नाही. तुम्हाला पटत असेल तरच."

"पोलाद विरघळतं व्हय?" मावशी म्हणाली.

"पोलाद नाही मावशी, पॉलिमर."

"त्येच ते," मावशी म्हणाली, आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

गावात आल्यावर तिनं हात गळ्यात बांधून सगळ्या आळ्या फिरून घेतल्या. परदेशी पोलाद! मनगटात! ज्यांच्या घरी परदेशी म्हणून फक्त एक टॉर्च होती ते लोक आदरानं ऐकायचे. एकजण म्हणाला, "मंग आता मावशी, इजा चमकत असताना बाहेर नगा फिरू." मावशीनं तेही मनावर घेतलं आणि आभाळ आलं की ती घरात बसू लागली.

घोटाळा फोटोनं केला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हाडाचा फोटो आमच्याजवळ दिला. मावशीनं तो आमच्या ओट्यावर आणून उन्हाला धरला. पाच-सात बायका गोळा झाल्या. बोटांची हाडं दिसली, मनगटाची दिसली, जोड दिसला, आणि जोडाच्या दोन्ही अंगांना बारीक काळी भोकं दिसली. पट्टी मात्र कुठंच नव्हती.

आमच्या सासूबाई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी सुद्धा ज्यात खोट असेल ते बरोबर बघायच्या. म्हणाल्या, "पोलाद असतं तर दिसलं नसतं का गं? आमच्या ह्यांच्या मांडीतला खिळा कसा लख्ख दिसायचा. ह्ये तर उंदरानं कुरतडल्यावाणी भोकं हायेत नुसती. फसवलं शेवंता तुला. आत काय बी न्हाई."

झालं. पंधरवड्यात ते पिंपळवंडीला पोचलं. मंचरचा डॉक्टर भोकं पाडतो आणि पट्टी घालत नाही. मावशी भांडली, पण फोटो तिच्या हातात आणि तिच्याच विरुद्ध. पुढच्या तारखेला ती मंचरला निघाली ती कंबर कसूनच. एसटीत सगळ्या वाटेवर मला ती डॉक्टरला काय काय म्हणणार आहे ते ऐकवत होती.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला बोलूच दिलं नाही. नवा फोटो दिव्याला लावला आणि खूश होऊन म्हणाले, "वा! हाड छान वाढलंय मावशी!"

मावशी मटकन खुर्चीत बसली. "पुन्यांदा? कवा वाढलं? म्या तर काय उचाललं बी न्हाई वो. भाकरी बी आमचे हे थापत्यात."

"अहो, चांगलं आहे की! असंच वाढायला पाहिजे होतं."

"काय मानूस हाय! माझं मनगट वाढलं आन ह्यो चांगलं म्हणतो!"

सिस्टर पुन्हा धावली. हाड जुळलं असं सांगितलं. मावशीचा जीव भांड्यात पडायला थोडा वेळ लागला. मग डोळे पुसून तिनं मुद्द्याला हात घातला. "मंग पोलाद कुठं गेलं? फोटूत का न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "ते फोटोत दिसतच नाही. तो त्याचा गुण आहे. आतलं हाड आम्हाला स्पष्ट बघता येतं."

"असं कसलं पोलाद?"

"पोलाद नव्हे हो. पॉलिमर. म्हणजे, सोप्या भाषेत सांगायचं तर एक प्रकारचं प्लॅस्टिकच."

मी मावशीला इतक्या वर्षांत गप्प झालेलं त्या एका वेळीच बघितलं. डॉक्टर व्यायाम सांगत होते, रबरी चेंडू दाबायचा, मनगट असं वळवायचं, तसं वळवायचं. ती आपल्या मनगटाकडे बघत होती, जणू तिथं कुणी परका बिऱ्हाड करून बसला होता. एसटीतही बोलली नाही. कळंब गेलं, नारायणगाव आलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या सासूला सांगू नगंस." आणि स्वतःच हसली. "तू कुणाला सांगती म्हणा."

तिच्यापुढं आता दोनच वाटा होत्या. डॉक्टरनं फसवलं हे कबूल करायचं, नाहीतर मनगटात बादलीची बहीण आहे हे कबूल करायचं. तिनं तिसरी काढली. कुणी विचारलं की म्हणायची, "आतलं आतच असतं. तुमी तुमच्या पोटातलं दाखिवता का?"

रबरी चेंडूला तिनं हात लावला नाही. "बांगड्या भरायच्यात मला. चेंडू का खेळायचाय?" तिला हात दाबायला हात हवा होता. सव्वादोनवाल्या घाबरत होत्या, म्हणून तो माझा ठरला. जेवणं आटपली की दुपारी ती यायची, माझा हात ओढून घ्यायची आणि दाबत बसायची. सुरुवातीला तिच्या बोटांत लहान मुलाएवढाही जोर नव्हता. मग आला. महिने जात होते तसा अंगठा आला, पकड आली. एक गोष्ट येत नव्हती. तळहात पुरता वर होत नव्हता. अर्ध्यावर यायचा आणि थांबायचा, जशी कुणी आतून कडी लावावी. आणि शेवटची ती गिरकी नेमकी तिथंच होती.

डॉक्टरांना मात्र तिचा हात फार आवडायचा. ते दर खेपेला कोनमापकासारखं काहीतरी लावून मोजायचे आणि प्रश्न विचारायचे.

"किल्लीनं कुलूप उघडता येतं?"

"आमच्या घराला कुलूप न्हाई."

"घट्ट झाकणाची बरणी?"

"ती आमचे हे उघडत्यात. त्यास्नी तेवढं तरी असू द्या."

"केस विंचरता येतात?"

"डाव्या हातानं ईचरते. आता तशीच सवं लागली."

"तळहात असा वर, माझ्यासारखा करता येतो?"

मावशीनं हात पुढं केला. तो अर्ध्यावर थांबला. तिनं डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाली, "कुनाफुडं हात पसरायची येळ न्हाई आली अजून."

डॉक्टर हसले, आणि त्यांनी त्या हाताचे फोटो काढले. वळवलेला, मुठीतला, सरळ. पुण्यात डॉक्टरांच्या सभेत दाखवायला. निकाल उत्तम आहे म्हणाले. मावशी गावात सांगायची, "माझा हात पुन्याला भाषनाला गेलता. मी गेले न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात मनगटावर, जुन्या टाक्याजवळ सूज आली. मग तिथून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तेच. पट्टी विरघळत होती आणि शरीराला ती पचत नव्हती. त्यांनी तेवढी जागा उघडून साफ केली. मावशी म्हणाली, काय निघालं ते मला दाखवा. त्यांनी दाखवलं. साबुदाण्याएवढे दोन-तीन पांढरट कण.

दुसरी कुणी असती तर रडली असती. दुखत होतं, परत पट्ट्या बांधणं आलं होतं. मावशीचा चेहरा मात्र उजळला. "ह्ये मला बाटलीत घालून द्या," ती म्हणाली. डॉक्टर नाही म्हणत होते. ती उठेचना. शेवटी सिस्टरनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून दिलं.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता सरळ आमच्या ओट्यावर आली. बाटली सासूबाईंच्या डोळ्यांपुढं धरली. "म्हनं आत काय बी न्हाई! ह्ये काय मंग? ह्यो बघ, पुरावा! डाक्टरला खोटा म्हनत व्हता न्हवं सगळा गाव?"

सासूबाईंनी बाटली उन्हात फिरवून बघितली. "हे पोलाद व्हय?"

मावशीच्या तोंडून निघून गेलं. "प्लॅस्टिक हाय ते!"

मग एक हसली, मग सगळ्या. सासूबाई हसता हसता खोकल्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, दाजींची बिडी आना, वितळून बघू!" मावशीनं बाटली पदराखाली घेतली. मला वाटलं, आता ती भांडेल. पण ती भिंतीला टेकून बसली आणि स्वतःच हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "हसा. हसा गं. तुमच्या हातावर हाय, माझ्या हाडाला हाय. मी तुमच्यापेक्षा पुढं गेले."

जखम भरली. पट्टी सगळी विरघळली असं डॉक्टरांनी सांगितलं. आता खरंच आत काही नव्हतं, आणि त्यावर कुणी शंका घेत नव्हतं.

पुढं माझ्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं. मावशी पडल्यानंतर तिच्या हातानं चुडा भरायची पहिली नवरी. घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "ओतूरचा कासार बलवा. शेवंताचा हात आता पयल्यासारखा न्हाई. नवरीच्या हातावर काय झालं तर?" सगळ्या माना हलल्या. मी भाकऱ्या भाजत होते. तव्याकडे बघतच म्हणाले, "मावशीच भरील." माझा आवाज ऐकून लोक थांबले असावेत. कुणी पुढं वाद घातला नाही.

हळदीच्या दिवशी मावशी नवी साडी नेसून आली. पाटावर सुमन, समोर मावशी, भोवती बायकांचं कोंडाळं. सुमनचा हात लहान, सव्वादोन, आणि हळदीनं पिवळा. मावशीनं तो हातात घेतला. दाबला. विचारलं, "नवरा फोनवर काय म्हनतो गं?" सुमन लाजली, हात सैल पडला, आणि पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. डावा हात भरला. मी श्वास सोडला. उजवाही भरत आला. हळदीचं गाणं कुणीतरी सुरू केलं होतं. शेवटून दुसरी बांगडी हाडावर अडली. मावशीनं गिरकी घ्यायला मनगट वळवलं. ते अर्ध्यावर थांबलं. बांगडी पुढं गेली नाही, हात मागं आला नाही.

कट्.

गाणं थांबलं. सुमननं माझ्याकडे बघितलं. मागून कुणाची तरी आत्या म्हणाली, "अगं बाई, वाढली!"

मावशीनं मान वर केली. "वाढली म्हंजी? डाक्टरला इचारा, वाढलं म्हंजी काय ते. माझं हाड वाढलं, तवा डाक्टर पेढं खायच्या बेतात व्हता. हिचा बी संसार तसाच वाढल." बायका हसल्या. मोठ्यानं हसल्या, जरा जास्तच मोठ्यानं. मावशीनं काचा वेचल्या, दुसरी बांगडी घेतली, या वेळी सुमनलाच म्हणाली, "तू वळीव गं हात, बाय," आणि चुडा पुरा केला. गाणं परत सुरू झालं.

नंतर मी पाणी भरायला मागच्या नळावर गेले तर ती तिथं दगडावर बसली होती. नळ बंद होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयली."

मी घागर खाली ठेवली. ती म्हणाली, "पुन्याला सांगितलंय म्हनं, निकाल उत्तम हाय." मग पदरानं हात पुसला, कोरडाच होता तो, आणि जेवायला आत गेली. जेवली पोटभर. पण त्यानंतर तिनं नवरीचा हात धरला नाही. कुणी बोलवायला आलं की दाजी सांगायचे, "तिला बरं न्हाई." आणि आतून मावशीचा आवाज यायचा, "मला बरं हाय. हाताला इचारा."

तिला शेवटचं बांगड्या भरताना बघितलं ते आण्याच्या जत्रेत. सुमनला तेव्हा दोन मुलं होती. आमटी-भाकरीचा प्रसाद घेऊन आम्ही बांगडीवाल्यांच्या रांगेत आलो तर मावशी एका पोत्यावर दुकान मांडून बसलेली. अर्ध्या काचेच्या, अर्ध्या प्लॅस्टिकच्या. एक लहान पोरगी प्लॅस्टिकची गुलाबी धरून बसली होती आणि तिची आजी ओरडत होती, "टाक ती. काचेची घे. ती काय बांगडी हाय?"

"असू दे वो," मावशी म्हणाली. "नावं नगा ठिवू प्लॅस्टिकला. आमच्यातलंच हाय ते." आणि पोरीच्या हातात गुलाबी बांगडी घातली.

मग तिची नजर माझ्या हातावर आली. तोंडाकडे बघितलंच नाही.

"अडीच," ती म्हणाली. "एक कमी दिसतीय."

"वाढली," मी म्हणाले.

"आपली वाढली का डाक्टरची?"

मी हसले. तिनं पोत्यावरून एक हिरवी काचेची उचलली आणि माझा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. बोटांत जोर चांगला होता. विचारलं, "सासू कशी हाय गं तुझी?" तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या होत्या, आणि ते मावशीला माहीत होतं, अंत्यविधीला ती आली होती. ती फक्त माझ्या हाताशी बोलत होती.

"आता काय बोलत न्हाईत," मी म्हणाले.

मावशी खो खो हसली. बांगडी हाडापाशी आली, तिचं मनगट वळलं आणि अर्ध्यावर थांबलं. मी माझा हात वळवला. बांगडी चढली.